दुधाची पिशवी आणि शिळा आकडा

२०२०च्या मार्चमध्ये, कोरोना आला तेव्हा, आमच्या घरी दूध घेणं हा दहा मिनिटांचा कार्यक्रम झाला होता. दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीतून आई दुधाच्या दोन पिशव्या चिमटीत धरून आणायची, मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तशा. मग बेसिनमध्ये साबण. एक बाजू, दुसरी बाजू, वरची शिवण, खालची घडी. धुतलेल्या पिशव्या ताटात निथळत ठेवल्या की खरा पेच सुरू व्हायचा. नळ सोडताना हात ‘खराब’ होता, बंद करताना ‘चांगला’. मग नळ कुठल्या बाजूचा? नळ धुतला जाई. दाराची कडी पुसली जाई. कडी पुसलेलं फडकं कुठे ठेवायचं यावरून आई-बाबांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. आजीचं सोवळं आयुष्यभर पाहिलेल्या आईला हे गणित नवीन नव्हतं म्हणा: याचा हात त्याला लागला, म्हणजे तेही गेलं.

आज हसू येतं. पण त्या दिवसांतले प्रश्न मूर्खपणाचे नव्हते. पिशवी धुवायची का, पेपर घ्यायचा का, मास्क कुणी लावायचा, पीठ किती भरून ठेवायचं, आकडे एवढेसे असताना सगळं बंद कशाला, आणि सगळं बंद असताना आकडे का वाढतात. यातल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, आणि ती त्या वेळी कुणी नीट समजावून सांगितली असती तर निम्मी भांडणं टळली असती. ती अशी, की रोज संध्याकाळी आपण रुग्णांचा जो आकडा पाहत होतो तो त्या दिवसाचा नव्हताच. तो शिळा होता.

आठ दिवस कुणालाच पत्ता नाही

महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले, ९ मार्चला, नेमके होळीच्या दिवशी. दुबईची सहल करून आलेले होते. पण ते परत आले होते १ मार्चला. रोग शहरात आला तो दिवस आणि शहराला त्याची खबर लागली तो दिवस, यांच्यात आठ दिवस गेले. दुसऱ्याच दिवशी ज्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले त्यांत त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही होता.

हा उशीर कुणाच्या आळसाचा नव्हता. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप-खोकला सुरू व्हायला सरासरी पाचेक दिवस लागायचे, काहींना १४ दिवसांपर्यंत. (लोकांना १४ दिवस वेगळं ठेवायचा नियम इथूनच आला, त्यात ज्योतिष काही नव्हतं.) ताप आला तरी माणूस लगेच उठून दवाखान्यात जात नाही. ‘हवा बदललीय, झोपून राहा, काढा घे’ यात दोन-तीन दिवस जातात. मग तपासणी, मग अहवालाची वाट. सगळं मिळून ढोबळमानाने दहा दिवस धरा. म्हणजे आज टीव्हीवर दिसलेला रुग्ण हा दहा दिवसांपूर्वी लागण झालेला माणूस.

आता याला दुपटीचा हिशेब जोडा. आपल्याकडे सावकारीत दामदुप्पट नावाची जुनी चाल आहे: व्याज वाढून मुद्दलाएवढं झालं की तिथे थांबायचं, त्यापुढे सावकाराला मागता येत नाही. साथीला दामदुप्पट लागू नाही. ती दुपटीची दुप्पट आणि त्याचीही दुप्पट वसूल करते. टाळेबंदीच्या आधी देशातली रुग्णसंख्या दर ३.४ दिवसांनी दुप्पट होत होती, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नंतर सांगितलं. दहा दिवसांत अशा तीन दुपटी बसतात. दोन, चार, आठ. संध्याकाळच्या बातम्यांत १०० दिसले, तर त्याच क्षणी आठशेच्या आसपास लोकांच्या अंगात विषाणू जाऊन बसलेला असणार. तेही पुढेमागे तपासणीपर्यंत पोचणारेच फक्त. ज्यांना काही त्रासच झाला नाही ते या हिशेबातही नाहीत.

म्हणून मार्चच्या मध्यावर कट्ट्यावरचे काका जे विचारत होते, ‘अहो, अख्ख्या राज्यात पन्नास माणसं नाहीत आजारी, आणि यांनी शाळा-थेटरं बंद केली?’, त्याचं उत्तर हेच होतं. आणि तेच काका एप्रिलमध्ये विचारत होते, ‘सगळं बंद करून बसलोय, तरी आकडे का चढतायत?’ याचंही उत्तर तेच. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा आधीच्या दहा-बारा दिवसांत लागण झालेले लोक अजून ‘दिसायचे’ होते. विजेच्या शेगडीवर दूध ठेवलंय आणि ते वर यायला लागल्यावर बटण बंद केलं, तर दूध लगेच खाली बसत नाही, तार अजून लाल असते. ७ एप्रिलला राज्याने हजाराचा आकडा ओलांडला. पण दुपटीला लागणारे दिवस हळूहळू वाढत होते. २० एप्रिलपर्यंत देशाच्या पातळीवर ते ७.५ झाले होते. चढत्या आकड्याकडे बघायचं की मंदावणाऱ्या वेगाकडे, हे टीव्हीवाल्यांनी कधीच ठरवलं नाही. चढता आकडा पडद्यावर मोठा दिसतो, एवढंच.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या आधी एक निरोप घरोघरी फिरला. विषाणू बाहेर १२ तासच जगतो, कर्फ्यू १४ तासांचा आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत साखळी तुटली! ऐकायला इतकं चोख, की आमच्या नात्यातल्या एका प्राध्यापकांनीही तो पुढे पाठवला. यातली खोट अशी की विषाणूचं खरं घर दाराच्या कड्या नव्हेत, माणसाचं शरीर आहे. ज्याच्या घशात तो आहे, त्याच्याकडे तो १४ तासांनीही आहे आणि पाच दिवसांनीही. तो माणूस पाच वाजता थाळी घेऊन गच्चीत आला काय किंवा काही ठिकाणी झालं तसं मिरवणुकीने चौकात आला काय, विषाणू त्याच्याबरोबरच येणार.

‘मला खोकला आहे, माझी तपासणी का नाही?’

हा त्या दिवसांतला सगळ्यात जीव खाणारा प्रश्न. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात परदेशातून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले, तेही लक्षणं असतील तर, एवढ्यांचीच तपासणी होत होती. २०मार्चच्या सुमारास त्यात श्वसनाच्या गंभीर त्रासाने रुग्णालयात दाखल असलेल्यांची भर पडली. खासगी प्रयोगशाळांना परवानगी मिळाली तेव्हा दर ठरला जास्तीत जास्त ४,५०० रुपये. ज्याच्या घरात महिन्याला आठ-दहा हजार येतात त्याने काय समजायचं ते समजावं.

कारण टंचाईचं होतं. तपासणीची पद्धत, आरटी-पीसीआर, हीसुद्धा गंमत म्हणजे दुपटीवरच चालते. नाकातल्या कापसाच्या काडीवर विषाणूचा अंश इतका बारीक असतो की तो थेट दिसत नाही. म्हणून यंत्रात त्याच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढत जायच्या: एकाचे दोन, दोनाचे चार. अशा ४० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे कागदावर लाख कोटींच्या वर तुकडे होतात, आणि मग त्यांची चमक यंत्राला दिसते. जे गणित साथ पसरवतं तेच ती पकडतंही. पण त्यासाठी खास रसायनं, यंत्रं आणि हात बसलेले तंत्रज्ञ लागतात. सुरुवातीला सगळी भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर होती. पुण्याच्याच मायलॅबच्या देशी संचाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी मिळाली, आणि मग हळूहळू दार उघडलं. तोवर ‘रुग्ण किती?’ याचं उत्तर ‘आपण किती तपासले?’ यावर अवलंबून होतं. तपासलंच नाही तर सापडणार कुठून!

मग असा आंधळा कारभार असताना टाळेबंदीने साधायचं तरी काय होतं? लग्नातली पंगत आठवा. पाचशे पाहुणे आहेत, पानं शंभर मांडता येतात, वाढपी दहा. पाच पंगती उठल्या तर सगळे नीट जेवतात. पाचशेच्या पाचशे एकदम बसायला आले तर भात संपलेला नसतानाही माणसं उपाशी राहतात. रुग्णालयात पानाच्या जागी खाट आणि वाढप्याच्या जागी परिचारिका. एकूण आजारी पडणारे तेवढेच राहिले तरी ते दोन आठवड्यांऐवजी चार महिन्यांत आजारी पडले, तर प्राणवायूची नळी प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते. टाळेबंदीने रोग संपत नाही, पंगती लागतात. हे सांगितलं गेलं, पण ‘२१ दिवसांत जिंकू’ या भाषेच्या गलक्यात कुणाच्या कानी पडलं नाही.

पीठ कुठे गेलं?

२४ मार्चच्या रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि साडेआठला आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जत्रा भरली. दुसऱ्या दिवशी पाडवा. साखरेच्या गाठी घ्यायला निघालेले लोक पाच-पाच किलो पीठ घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ओरड: लोक किती स्वार्थी, साठेबाज.

मला तसं वाटत नाही. हिशेब मांडून बघा. एका दुकानाची २०० घरं आहेत, प्रत्येक घर पंधरा दिवसांतून एकदा पिठाची पिशवी नेतं. म्हणजे रोज १३-१४ पिशव्यांचा उठाव. दुकानदार चार दिवसांचा माल ठेवतो, पन्नास-पंचावन्न पिशव्या. त्या रात्री २०० पैकी फक्त ६० घरं आली आणि प्रत्येकाने एक, फक्त एकच पिशवी नेली. दुकान रिकामं. कुणी दोन घेतल्या नाहीत, कुणी लबाडी केली नाही. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यातली खरेदी आज केली, बस्स. मग रिकाम्या फळीचा फोटो फिरतो, तो पाहून उरलेली १४० घरं दुसऱ्या गल्लीत जातात.

देशात गहू भरपूर होता. अडली होती ती वाट. ट्रकवाले नाक्यावर थांबवलेले, हमाल गावी गेलेले, वाशीच्या बाजारात आवक कधी सुरू कधी बंद. गोव्यात तर पहिले काही दिवस वाण्याची दुकानंसुद्धा बंद ठेवली होती. लोकांची चूल थंड व्हायची वेळ आली आणि ओरड झाली, तेव्हा उघडली. आणि एकीकडे शहरात द्राक्षं मिळत नव्हती तेव्हा नाशिक-सांगलीकडे ऐन हंगामातली द्राक्षं वेलीवर लटकत होती, उचलायला व्यापारी नाही. कोंबडीवाल्यांचं त्याआधीच वाटोळं झालं होतं. कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारीतच पसरली आणि पक्ष्याला घातलेल्या खाद्याचेही पैसे सुटेनात. ‘नको बाबा, कशाला उगीच’ एवढं साधं वाक्य लाख घरांत बोललं गेलं की एका धंद्याचं कंबरडं मोडतं.

रांगेचं एक दृश्य मात्र विसरणार नाही. दुकानासमोर चुन्याने वर्तुळं आखली होती, एकेका मीटरवर, अगदी शिस्तीत. आणि प्रत्येक वर्तुळात एकेक कापडी पिशवी ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. पिशव्या अंतर पाळून उभ्या. पिशव्यांचे मालक समोरच्या वडाखाली, सावलीला, एकमेकांना चिकटून गप्पा मारत.

धुवायची का नाही, लावायचा का नाही

आता पुन्हा पिशवीकडे. १७ मार्च २०२०ला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापून आला. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या पृष्ठभागांवर विषाणू सोडून तो किती वेळ टिकतो ते मोजलं होतं. तांब्यावर ४ तास, पुठ्ठ्यावर २४ तास, प्लॅस्टिकवर ७२ तास. यातला ‘प्लॅस्टिकवर ७२ तास’ हा तुकडा उचलला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या पिशव्यांना आंघोळ सुरू झाली.

त्याच लेखातला दुसरा आकडा कुणी उचलला नाही. प्लॅस्टिकवरचा विषाणू साधारण दर सात तासांनी निम्मा होत होता. म्हणजे उलटी दामदुप्पट. सत्तर तासांत दहा वेळा निम्मा, मुळात हजार असतील तर उरला एक. ‘७२ तासांनंतरही सापडला’ याचा अर्थ ‘७२ तास तितकाच घातक राहिला’ असा होत नाही. शिवाय प्रयोगशाळेत मोजूनमापून थेंब टाकतात, दूधवाल्याच्या क्रेटवर ऊन-वारा असतो. पुढे वर्षभराने, २०२१च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. रोग मुख्यतः हवेतून, श्वासातून जात होता. पण हे कळायला वेळ लागला, आणि तोवर मुंबईत काही दिवस घरपोच पेपर बंद झाले.

याचा अर्थ साबण फुकट गेला असा नाही. हा विषाणू चरबीच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेला असतो. साबण तेलकट कढईचं जे करतो तेच या वेष्टनाचं करतो: ते फुटतं, विषाणू निकामी. त्यासाठी जंतुनाशक लिहिलेला महागडा साबण लागत नाही, भांड्यांची वडीही चालते. वीस सेकंद घासायचं ते एवढ्यासाठी, की साबणाला बोटांच्या बेचक्यात शिरायला वेळ मिळावा. सॅनिटायझर ही साबण-पाणी नसेल तेव्हाची सोय. पण बाजाराने ते उलटं केलं, आणि बाटल्यांचे भाव असे चढले की २१ मार्चला सरकारला किमती बांधाव्या लागल्या: २०० मिलिलिटरला १०० रुपये, दुपदरी मास्क ८ रुपये, तिपदरी १०.

मास्कची कथा जास्त वाईट. मार्चमध्ये सांगितलं गेलं की धडधाकट माणसाने मास्क लावायची गरज नाही. एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्य मंत्रालय म्हणालं, घरी शिवलेला लावा. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी तो सक्तीचा केला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांना कापडी मास्क लावायला सांगितलं ५ जूनला. सामान्य माणसाने यातून काढलेला अर्थ सोपा होता: यांना काही कळत नाही, नाहीतर हे खोटं बोलतायत.

खरं दोन्हींच्या मधलं होतं. मास्क अपुरे होते आणि ते डॉक्टर-परिचारिकांना आधी मिळायला हवे होते. आणि लक्षणं नसलेला माणूस रोग किती पसरवतो हे नीट माहीत नव्हतं. ते कळल्यावर सगळं उलटलं. मी आजारी आहे हे मलाच ठाऊक नसेल, तर मास्क माझ्यापेक्षा समोरच्यासाठी. सूचना बदलली कारण माहिती बदलली. चूक बदलण्यात नव्हती. मार्चमध्ये ‘आम्हाला अजून पक्कं माहीत नाही, आणि मास्कही पुरेसे नाहीत’ असं म्हणायला हवं होतं, त्याऐवजी ‘गरज नाही’ असं ठामपणे सांगितलं, ती खरी चूक. (पुण्यातल्या दुचाकीवरच्या पोरींना या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचे चेहरे कित्येक वर्षं आधीपासून स्कार्फमध्ये गुंडाळलेलेच होते.)

हातावरचा शिक्का

१६ मार्चला राज्याने ठरवलं की घरी वेगळं राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का मारायचा, मतदानाच्या शाईने. दोन दिवसांनी पालघरला गरीब रथ एक्सप्रेसमधून असे शिक्केवाले चौघे उतरवले गेले. ज्यांना लागण झालेली असू शकते त्यांनी गाडीत बसायला नको होतं, हे उघड आहे. पण शिक्क्याचा दुसरा परिणाम लगेच दिसायला लागला. लोक बाही खाली ओढायला लागले.

साथीच्या रोगात लपवणं सगळ्यात महाग पडतं, आणि हे पुण्याहून जास्त कुणाला माहीत असणार? ज्या कायद्याच्या आधारे २०२०च्या मार्चमध्ये राज्याने मॉल, जिम, थिएटरं बंद केली तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७चा आहे, आणि तो केला गेला तो मुंबईतल्या प्लेगमुळे. मांडवीत सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ओळखलेला तो प्लेग. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण सरकारला वाटेल ते करायची मुभा देणारा. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर घेऊन घरोघर झडत्या घेतल्या, देवघरात बुटांनी शिरले, बायकांना रस्त्यावर तपासलं. लोकांनी काय केलं? आजारी माणसं माळ्यावर लपवली. लपवलेला रुग्ण म्हणजे घरभर रोग. २२ जून १८९७ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या, हे तितकं पाठ नसतं. एकाच शहरात, एकाच साथीत, रुग्णाकडे जाण्याच्या या दोन तऱ्हा.

२०२० साली सोल्जर नव्हते, सोसायट्यांच्या कमिट्या होत्या. आमच्याकडे पहिला ठराव झाला तो धुणंभांडी करणाऱ्या मावशींना फाटकात न घेण्याचा. रोग विमानाने आला होता, पण फाटक बंद झालं ते चालत येणाऱ्या बाईला. दुसऱ्या इमारतीतल्या एका घरी अँब्युलन्स आली तर गच्च्यांतून मोबाइल निघाले. त्यानंतर आमच्याकडे कुणी मोठ्याने खोकलंसुद्धा नाही. ताप आला तर माणूस स्वतःच्या घरात कुजबुजायला लागला. बातमी तपासणीपर्यंत पोचायला दहा दिवस लागत होते ना? भीतीने त्यात आणखी दोन-चार घातले.

दहा बाय दहात अंतर

‘घरी राहा, एकमेकांपासून अंतर ठेवा’ ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होती. फक्त तिने प्रत्येकाला एक जादा खोली आहे असं धरून चाललं होतं. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला आणि त्याच दिवशी दगावला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. आठ माणसांच्या खोलीत एकाला ‘वेगळं’ ठेवायचं म्हणजे कुठे? दिवसातून तीनदा शौचालयाच्या रांगेत उभं राहणाऱ्याने घरात राहायचं म्हणजे कसं? तिथे महापालिकेला ‘तुम्ही घरात थांबा’ सोडून ‘आम्ही दारात येतो’ हा रस्ता धरावा लागला: घरोघर ताप तपासणं, संशयितांना शाळा आणि सभागृहांत हलवणं, तिथेच जेवण देणं, शौचालयं पुन्हापुन्हा धुणं. जेवण आणि नीट वागणूक मिळते म्हटल्यावर लोक लपेनात. तीच सूचना, फक्त ज्याला द्यायची त्याचं घर बघून दिलेली.

आणि ज्यांना हेही मिळालं नाही ते चालायला लागले. कसारा घाटात डोक्यावर बोचकं, कडेवर पोर घेतलेल्या रांगा दिसायला लागल्या तेव्हा बऱ्याच जणांनी कपाळावर हात मारला, ‘यांना समजत कसं नाही?’ त्यांना सगळं समजत होतं. रोजंदारी बंद, खोलीचं भाडं चालू, रेल्वे २२ मार्चपासून बंद. शिवभोजन थाळी सरकारने दहावरून पाच रुपयांवर आणली, पण केंद्रापुढची रांग संपण्याआधी थाळ्या संपत. विषाणू कदाचित मारेल. इथे राहिलो तर भूक नक्की. शंभर किलोमीटर चालण्याचा निर्णय या दोहोंच्या तुलनेतून येतो. प्लेगच्या वेळीही मुंबई अशीच ओस पडली होती. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर दमून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मजुरांसाठीच्या रेल्वेगाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, पण त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या.

त्या मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच; पोरांना इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. आमच्या शेजारचा एक त्यात चक्क ऐंशीच्या वर गेला आणि अजून कोरोनाचे आभार मानतो.

आईच्या पिशव्या धुणं मात्र सुटलं नाही. २०२१ला ती दहा हजारांत एकवाली बातमी मी तिला वाचून दाखवली, सात तासांत निम्मा होण्याचं गणितही मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी उलटी करून खालची घडी घासली आणि म्हणाली, “अरे, कोरोनाचं काय घेऊन बसलास? तो पोरगा पहाटे क्रेट कुठे उतरवतो ते एकदा खाली जाऊन बघून ये.”

मी बघून आलो. आता मीही धुतो.